अहाबाला भाजीचा मळा हवा होता

अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता तो भाजीपाला लावायला. पहिल्या राजे या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात ही गोष्ट आहे आणि पवित्र शास्त्रात लोभाबद्दल जे काही सांगितलं आहे, त्यातलं सगळ्यात बारकाईने सांगितलेलं मला तरी हेच वाटतं. मळा इज्रेलात, राजवाड्याला लागून. राजा नाबोथाकडे गेला तो तलवार घेऊन गेला नाही. तो व्यवहाराचं बोलला. तुझा मळा मला दे, त्याच्या बदल्यात याहून चांगला मळा देतो; नाहीतर रोख किंमत घे. मी वकील आहे, जमिनीचे दस्त करते. या प्रस्तावात मला खोट काढता येत नाही.

नाबोथ नाही म्हणाला. माझ्या वाडवडिलांचं वतन मी तुला देणं परमेश्वर न करो, एवढंच त्याचं उत्तर. आणि अख्ख्या राज्याचा धनी घरी येऊन पलंगावर पडला, तोंड फिरवलं आणि जेवला नाही.

इथपर्यंत अहाबाचा गुन्हा काय? कायद्याने पाहिलं तर काहीच नाही. हवंसं वाटलं, मागितलं, मिळालं नाही, रुसला. पण लिहिणाऱ्याने तो पलंग आणि ते न जेवणं मुद्दाम दाखवलं आहे, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं. ईजबेल राणी आत येते, कारण विचारते आणि म्हणते, उठा, जेवा, मळा मी मिळवून देते. ती सैन्य पाठवत नाही. ती पत्रं लिहिते. राजाच्या नावाने, राजाची मोहर लावून, नाबोथाच्याच गावातल्या वडीलधाऱ्यांना. उपास जाहीर करा, नाबोथाला सगळ्यांपुढे बसवा, त्याच्यासमोर दोन माणसं बसवा आणि याने देवाची आणि राजाची निंदा केली अशी साक्ष त्यांच्याकडून देववा. दोनच का? कारण मोशेच्या नियमशास्त्रात एका साक्षीदारावर कुणाला देहदंड देता येत नाही, दोन किंवा तीन लागतात. राणीने कायदा डावलला नाही, अक्षरशः पाळला. नाबोथाला दगडमार केला तोही रीतीप्रमाणे गावाबाहेर नेऊन.

दुसऱ्या राजे पुस्तकाच्या नवव्या अध्यायात, पुष्कळ काळ लोटल्यावर, एक ओझरता उल्लेख येतो की तेव्हा नाबोथाबरोबर त्याच्या मुलांचंही रक्त सांडलं होतं. ते वाचून माझ्यातल्या वकिलाच्या अंगावर काटा आला. वारसच ठेवले नाहीत. फेरफाराला हरकत घ्यायला कुणी उरलंच नाही.

या सगळ्यात अहाबाने स्वतःच्या हाताने काय केलं? तो पडून राहिला. त्याची मोहर बायकोच्या हाती गेली आणि त्याने विचारलं नाही. नाबोथ मेल्याची खबर आली तेव्हा उठला आणि ताबा घ्यायला निघाला. मळ्यात त्याला एलीया संदेष्टा भेटला. एलीयाने पत्रांची, मोहरेची, साक्षीदारांची चौकशी केली नाही. त्याने एवढंच विचारलं, खून करून वर ताबाही घेतलास?

माझं काम बेलापूर, पनवेल, उरण या पट्ट्यातलं. खरेदीखत, हक्कसोड पत्र, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र, वारस नोंद. या भागात जमिनीची गोष्ट कुणी कोऱ्या पानावरून सुरू करत नाही. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातखाचरं, मिठागरं, खाडीकाठची खाजणं. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला मोबदल्याच्या आंदोलनावर गोळीबार झाला, त्यात पाच जण गेले. दि. बा. पाटील त्या लढ्याचे पुढारी. त्याच लढ्याच्या पोटी पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायची योजना आली. तेव्हापासून ‘साडेबारा टक्के’ हा आमच्याकडे नुसता आकडा राहिलेला नाही. ‘त्यांची साडेबाराची आली का?’ हा प्रश्न साखरपुड्याच्या मांडवातही निघतो आणि मयताच्या घरीही.

मी शहराला अहाब म्हणत नाही. नेरूळच्या ज्या इमारतीत मी राहते तीही कुणाच्या तरी शेतावर उभी आहे. माझे वडील नगर जिल्ह्यातून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर म्हणून आले आणि या शहराने त्यांना छप्पर दिलं. अहाबाला स्वतःच्या ताटातली भाजी हवी होती, शहराला लाखो माणसांचा निवारा हवा होता, हा फरक लहान नाही. पण भाव वाजवी असला तरी ‘नको’ म्हणणाऱ्या माणसाचं दुःख खरं असतं, हे मला नाबोथाने शिकवलं. तो अडेलतट्टू नव्हता. लेवीयच्या २५ व्या अध्यायात देव सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ परके आणि उपरे आहात. दर पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, विकलेलं शेत मूळ कुळाकडे परत जायचं. नाबोथाच्या दृष्टीने मळा त्याचा नव्हताच. तो त्याच्या आजोबाचा होता आणि नातवाचा होता. अहाबाला हे ठाऊक असणार, तोही त्याच नियमशास्त्राखाली वाढला होता. तरीही त्याला मळ्यात फक्त भाजीची जागा दिसली.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदवताना कॅमेऱ्यापुढे फोटो काढतात आणि यंत्रावर अंगठा ठेवायला सांगतात. ज्या बायकांचं आयुष्य लावणीत, मिठागरात किंवा सुकी मासळी निवडण्यात गेलं, त्यांचा अंगठा पुष्कळदा यंत्राला वाचताच येत नाही. रेषा झिजून गेलेल्या असतात. ऑपरेटर म्हणतो, आजी, अंगठा पुसा. ती पदराला पुसते, पुन्हा ठेवते. लाल दिवा. कुणीतरी व्हॅसलीनची डबी पुढे करतं, कुणी म्हणतं जोरात दाबा, कुणी म्हणतं हलका ठेवा. मग दुसरं बोट, तिसरं बोट. मागे मुलगा, पुतण्या, एजंट उभे. सगळ्यांची नजर त्या दिव्यावर. एवढ्या खटपटीत तिला कुणी विचारत नाही की कागदात काय लिहिलंय ते ठाऊक आहे का. मी विचारते, आजी, वाचून दाखवू? बहुतेक वेळा उत्तर येतं, पोराने वाचलाय.

असे कागद फार स्वच्छ असतात. साक्षीदार दोन, ओळख पटवणारे दोन, मुद्रांक पुरेसा, चतुःसीमा बिनचूक. आपल्या स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर असताना. हे वाक्य मी इतक्या दस्तांत लिहिलं आहे की ते लिहिताना आता मला प्रत्येक वेळी समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहावं लागतं. माझं म्हणणं हेच आहे: लोभ हातात चाकू घेऊन आला तर त्याला पकडायला पोलीस आहेत. तो बहुतेक वेळा मोहर लावून, साक्षीदार घेऊन, रांगेत टोकन धरून उभा असतो, आणि तिथे आला की त्याला अडवणारं कुणी नसतं. म्हणूनच देवाने त्याला फार अलीकडे, कागद होण्याच्या पुष्कळ आधी अडवलं आहे.

दहा आज्ञांतली शेवटची आज्ञा मला त्यासाठी इतर आज्ञांहून वेगळी वाटते. खून करू नको, व्यभिचार करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको. या चारही गोष्टी न्यायालयापुढे नेता येतात. दहावी म्हणते, शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको. त्याची बायको, दास, दासी, बैल, गाढव, त्याचं काहीही. मनात उठलेल्या इच्छेचा पंचनामा कोण करणार? ही आज्ञा कुठल्याच न्यायालयाला चालवता येत नाही. ती माणसाला एकट्याला दिलेली आहे.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथ शाळेत मी मोठ्या मुलांना शिकवते. बैल आणि गाढव आले की वर्गात हसू फुटतं, नेरूळ-सीवूड्सच्या मुलांना दोन्हींपैकी काय हवंसं वाटणार? म्हणून मी म्हणते, आपल्या सोसायटीची यादी करा. मुलं पटापट लिहितात. स्टिल्टमधली पार्किंगची जागा. खाडीकडे तोंड असलेला फ्लॅट. समोरच्या दादाचा फोन. शेजारच्या ताईचे मार्क. कुणाची दुबईतली आत्या. यादीत एक गोष्ट ठळक दिसते, ती म्हणजे मलबार हिल कुणीच लिहीत नाही. जे फार लांब आहे त्याने झोप उडत नाही. झोप उडते ती चुलतभावाचा भूखंड रस्त्याला लागून आला आणि आपला आतल्या गल्लीत, याने. अहाबाचा मुख्य वाडा शोमरोनात होता, मळे बक्कळ असणार, पण त्याला हवा झाला तो खिडकीतून दिसणारा.

झोपेवरून मीखा संदेष्टा आठवतो. त्याच्या दुसऱ्या अध्यायाची सुरुवातच अशी आहे: जे आपल्या अंथरुणावर दुष्टाईचे बेत करतात आणि उजाडताच ते पार पाडतात, कारण तसं करणं त्यांच्या हाती आहे, त्यांना हाय हाय! ते शेतांचा लोभ धरतात आणि ती हिसकावतात, घरांचा धरतात आणि ती घेतात. पुन्हा अंथरूण. अहाबाचा पलंग आणि हे अंथरूण यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षं गेली आहेत, पण जागा तीच. आणि ‘ते त्यांच्या हाती आहे’ हे शब्द मला सगळ्यात जास्त टोचतात. पुष्कळ माणसं निर्लोभी दिसतात ती केवळ त्यांच्या हाती काही नसतं म्हणून. अधिकार, कुलमुखत्यारपत्र, आजारी काकाचं एटीएम कार्ड हाती आलं की मग कळतं.

यहोशवाच्या सातव्या अध्यायातला आखान मी थोडक्यात सांगते, कारण तो सगळ्यांना ठाऊक आहे. इस्राएल लोकांच्या हाती यरीहो शहर पडलं. तिथलं काही घ्यायचं नाही अशी सक्त आज्ञा होती. आखानाने शिनारचा एक सुंदर झगा, दोनशे शेकेल चांदी आणि पन्नास शेकेल सोनं उचललं. म्हणजे सोनंच अर्ध्या किलोच्या वर. पुढच्या आय नगराच्या लढाईत इस्राएलाची ३६ माणसं पडली. पकडल्यावर आखानाने कबुली दिली ती चार क्रियापदांची: पाहिलं, लोभ धरला, घेतलं, पुरलं. मला या गोष्टीत त्या झग्याचं नवल वाटतं. सोनं उद्या वितळवता येईल, चांदी खर्चता येईल, पण झगा? सगळी छावणी ओळखीची. तो अंगावर घालून आखान कुठे जाणार होता? तो तंबूत, मातीत पुरलेला राहिला. जे घालता येत नाही, दाखवता येत नाही, त्यासाठी ३६ घरांत रडारड झाली.

पुरून ठेवलेली घरंही असतात. संध्याकाळी साडेसात-आठला खारघरच्या किंवा उलव्याच्या नव्या टॉवरांकडे बघा. काही मजल्यांवर दिवे, काही मजले पूर्ण अंधारात. आमच्याकडे त्यांना ‘इन्व्हेस्टरचे फ्लॅट’ म्हणतात. विमानतळाचं नाव निघालं तसे उलव्याचे भाव चढत गेले आणि माणसांनी तिसरं, चौथं घर घेऊन कुलूप लावलं. त्याच इमारतीचा वॉचमन पत्र्याच्या खोलीत बायकोमुलांना घेऊन राहतो. यशयाच्या पाचव्या अध्यायातलं वाक्य मी इथे राहायला लागल्यावर नव्याने वाचलं: घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणारे तुम्ही, जागा उरेनाशी होईपर्यंत थांबत नाही, शेवटी देशात तुम्हीच एकटे राहता, तुम्हाला हाय हाय! पुढच्याच वचनात, पुष्कळ घरं, मोठी आणि सुंदर घरं, रहिवाशांवाचून ओस पडतील. लहानपणी वाटायचं की ही येणारी शिक्षा आहे, शत्रू येईल, शहर लुटेल. आता वाटतं, शत्रू कशाला हवा? घराला घर जोडलं की दुसरं घर आपोआपच ओस राहतं, एक माणूस एका वेळी एकाच घरात झोपतो.

लोभावर मंडळीत बोललं जातं, घरात बोललं जातं, पण लोभी कुणाला म्हणायचं हे ठरवताना फार अन्याय होतो. माझ्या टेबलासमोर बसलेल्या किती बायकांना मी हे ऐकताना पाहिलं आहे. बापाच्या साडेबाराच्या भूखंडात बहिणीने वाटा मागितला की गावभर होतं, बहीण लोभी निघाली. भावाने तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतली तर तो व्यवहारी. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या दुरुस्तीच्या वेळी बाप हयात नसला तरी तो हक्क आहे. तरी सही करताना बहीण म्हणते, मॅडम, माहेर तुटायला नको. तिच्याकडून जमीन घेतात आणि बदल्यात तिचंच माहेर तिला देतात.

हे ज्यांना धर्माचं वाटतं त्यांनी गणनाचा २७ वा अध्याय काढावा. सलाफहादाला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नव्हता म्हणून आमच्या बापाचं नाव कुळातून का जावं? आम्हाला वतन द्या. मोशेने हे देवापुढे नेलं आणि देव म्हणाला, सलाफहादाच्या मुली बरोबर बोलतात. पाचही जणींची नावं शास्त्रात नोंदली गेली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आपला वाटा मागणं आणि शेजाऱ्याच्या वाट्यावर डोळा ठेवणं यांत शास्त्र गल्लत करत नाही. गल्लत आपण करतो, आणि ती नेहमी बळकटाच्या सोयीची असते.

मग लूकच्या १२ व्या अध्यायातला माणूस? तोही येशूला म्हणाला होता, गुरुजी, माझ्या भावाला सांगा की वतन मला वाटून दे. येशूने उत्तर दिलं, मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? त्याचा हक्क खोटा आहे असं येशू म्हणाला नाही. तो दोघांना उद्देशून बोलला, ज्याने दाबून ठेवलं त्याला आणि ज्याला हवं होतं त्यालाही: सांभाळा, सर्व प्रकारच्या लोभापासून दूर राहा, कारण कुणाजवळ कितीही असलं तरी त्याचं जीवन त्याच्या मालमत्तेत नसतं. आणि मग ती गोष्ट, उदंड पीक आलेल्या धनवानाची.

त्या धनवानाने कुणाला लुबाडलेलं नाही. कुणाच्या बांधावर सरकलेला नाही. जमिनीने पीक दिलं, साठवायला जागा पुरेना, म्हणून त्याने कोठारं मोडून मोठी बांधायचं ठरवलं. त्याचं सगळं बोलणं वाचून पाहा: मी काय करू, माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा माल, आणि शेवटी माझ्या जिवाला मी म्हणेन. गोष्टीत दुसरं माणूसच नाही. बायको नाही, मजूर नाही, शेजारी नाही. त्याच रात्री देव म्हणतो, मूर्खा, आज तुझा जीव मागून घेतला जाईल, मग जे साठवलंस ते कुणाचं होईल?

उपदेशात बहुतेक वेळा जोर मरणावर दिला जातो. मी मात्र त्या शेवटच्या प्रश्नापाशी अडते, कारण माझा सगळा धंदाच त्या प्रश्नावर चालतो. ते कुणाचं होईल? मुलांचं होईल. आणि दोन मुलं असतील तर त्यातला एक उद्या कुठल्या तरी गुरुजींकडे जाऊन म्हणेल, भावाला सांगा, मला वाटून दे. येशूने त्या माणसाची तक्रार टाळली नव्हती. तक्रार कुठून आली ते सांगितलं होतं. तुमच्या बापाच्या कोठारातून.

आमच्या मंडळ्यांबद्दल एक गोष्ट बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. हल्ली काही सभांमधून शिकवलं जातं की विश्वासाने बी पेर, म्हणजे दानपेटीत टाक, देव तुला फ्लॅट देईल, गाडी देईल, व्हिसा देईल. भाड्याच्या खोलीत राहणारी धुणीभांडी करणारी बाई महिन्याच्या पगारातून बी पेरते. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, भक्ती हे कमाईचं साधन आहे असं समजणाऱ्यांना बुद्धी भ्रष्ट झालेले म्हटलं आहे आणि लगेच पुढे अन्नवस्त्रात तृप्त राहायला सांगितलं आहे. दहाव्या आज्ञेने ज्या इच्छेला दार लावलं, तिलाच व्यासपीठावरून प्रार्थनेचे कपडे चढवतात, तेव्हा मला फार संताप येतो. गरिबाच्या पोटातली भूक हा लोभ नव्हे. ती भूक वापरून स्वतःची कोठारं वाढवणं हा लोभ.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. उरणकडचे आगरी, नावगाव सांगत नाही. बापाच्या नावे साडेबाराचा भूखंड आला होता, बहिणीने हक्कसोड दिली होती, भूखंड विकसकाला देऊन यांना फ्लॅट मिळाले होते. आता त्यातला एक बहिणीच्या नावे करायचा होता. मी म्हटलं, हक्कसोडीला मुद्रांक नावापुरता लागला होता, बक्षीसपत्राला तसं चालणार नाही, बाजारभावावर शुल्क भरावं लागेल. ते म्हणाले, भरतो. मी कारण विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. दोन मुलं आहेत, दोघांची लग्नं झाली, आणि बाप जिवंत असतानाच कुठला फ्लॅट कुणाचा यावरून घरात दोन चुली झाल्या. धाकटा म्हणाला होता, तुम्ही आत्याला काय दिलंत ते आम्हाला माहीत आहे.

दस्ताच्या दिवशी बहीण आली. नऊवारी नेसलेली, हातात औषधांची पिशवी. भावाशी बोलली नाही. मी तिला दस्त सावकाश वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतल्यावर तिने पहिल्यांदा भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, “आता कनाला?” त्याला उत्तर देता येईना. ती पुढे म्हणाली, “इतक्या वर्सांची भाऊबीज कोन देल मना?” मग तिने यंत्रावर अंगठा ठेवला. त्या इमारतीचा चालू दर काढून मी फ्लॅटची किंमत पैशापर्यंत बिनचूक लिहिली होती. तिच्या प्रश्नाला दस्तात रकाना नव्हता.

तेव्हापासून जक्कयाची गोष्ट मला वेगळी दिसते. आखानाने जिथून उचललं त्याच यरीहोतला हा मुख्य जकातदार. गर्दीत ठेंगणा म्हणून उंबराच्या झाडावर चढला, येशूने वर पाहून त्याला खाली बोलावलं आणि आज तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणाला. काही देऊन टाक असं येशूने त्याला सांगितलेलं नाही. जक्कय आपणहून उभा राहून म्हणाला, माझं अर्धं द्रव्य मी गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. नियमशास्त्राप्रमाणे जो आपणहून कबूल करतो त्याने घेतलेलं परत करून वर पाचवा हिस्सा द्यायचा. म्हणजे शंभराला एकशेवीस. चौपटीचा दर निर्गमच्या २२ व्या अध्यायातला आहे, मेंढरू चोरून ते कापणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा, ज्याला घेतलेली वस्तू जशीच्या तशी परत करताच येत नाही. जक्कयाने स्वतःला तो दर लावून घेतला. मला वाटतं, घेतलेल्या पैशाबरोबर आणखी काय काय गेलं आहे, कुणाची भाऊबीज, कुणाचा शेजार, हे त्याला त्या क्षणी कळलं होतं.

हिशेब करणं हा माझा पेशा, म्हणून मी तो मांडून पाहिला. जक्कयाचं द्रव्य शंभर धरा. पन्नास गरिबांना गेले, उरले पन्नास. चौपटीने फेडायचं तर पन्नासात साडेबाराचीच फेड होते. शंभरात साडेबारा. त्याहून एक पैसा जास्त अन्यायाचा असला तर त्याच्या घरात काहीही उरत नाही, आणि रोमी जकातीचा मुख्य म्हणून ज्याने संपत्ती केली त्याची अन्यायाची कमाई साडेबारा टक्केच असेल, हे मला तरी पटत नाही.